चाकांवरची विचारपूस

(कर्करोग हा शब्द ऐकला की अनेकांचा धीर सुटतो. परंतु या रोगातून बरी झालेली माणसे एकत्र येतात, सायकलवर बसतात आणि इतर रुग्णांना हिंमत देतात. अशा माणसांची ओळख या पाठात करून दिली आहे. रुग्णाला औषधाइतकीच सोबतीची गरज असते, हे पाठातून लक्षात येते.)

विद्यार्थी मित्रांनो, सायकल तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. परभणीच्या गल्लीबोळांत सकाळी दूधवाल्याच्या सायकलची घंटी वाजते. सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, गंगाखेड या गावांच्या रस्त्यांवर शाळेच्या वेळेला सायकलींची रांग दिसते. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या मुलींना शाळेत येण्यासाठी सायकली मिळाल्या. सायकलला पेट्रोल लागत नाही, धूर निघत नाही. ती गरिबाचे वाहन आहे. पण हीच सायकल आजारी माणसाला धीर देण्याच्या कामीही येते. कशी, ते आज आपण पाहू.

आजारी माणसाला भेटायला जाणे याला आपण घरी 'इयादत' म्हणतो. मराठीत त्याला 'विचारपूस करणे' असे म्हणतात. मोहल्ल्यात कोणाला ताप आला, कोणाचा पाय मोडला, तर शेजारीपाजारी लगेच जातात. कोणी फळे नेतात, कोणी दोन शब्द गोड बोलतात. परंतु त्याच घरात कर्करोगाचा रुग्ण असला, तर मात्र लोकांचे पाय अडखळतात. रोगाचे नावही कोणी मोठ्याने घेत नाही. 'तो आजार', 'ती मोठी बिमारी' असे कुजबुजत बोलतात. काही घरांत रुग्णाचे ताट आणि पेला वेगळा ठेवतात. लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत.

मुलांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला लागत नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याचा हात हातात घेतल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने तो होत नाही. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे काम ठरलेल्या नियमाने चालते. कधी कधी काही पेशी हा नियम मोडतात आणि बेसुमार वाढू लागतात. त्यांची गाठ होते किंवा त्या रक्तात पसरतात. यालाच कर्करोग म्हणतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हे त्यावरचे मुख्य इलाज आहेत. रोग लवकर सापडला तर अनेक रुग्ण बरे होतात.

हे इलाज सोपे नसतात. औषधाने केस गळतात, मळमळते, अंगात त्राण राहत नाही. महिनोन्‌महिने दवाखान्याच्या फेऱ्या कराव्या लागतात. अशा वेळी रुग्ण हाय खातो. 'यातून कोणी वाचले आहे का?' हा एकच प्रश्न त्याच्या मनात घोळत राहतो. डॉक्टर सांगतात, घरचे सांगतात, तरी त्याचे समाधान होत नाही. मग या प्रश्नाचे उत्तर कोण देऊ शकेल? जो स्वतः त्या वाटेने जाऊन परत आला आहे, तोच!

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तेथे बिली स्टार नावाच्या तरुणाची आई १९७४ साली कर्करोगाने वारली. आईच्या आठवणीत रडत बसण्यापेक्षा दुसऱ्यांच्या आया वाचाव्यात म्हणून काही करावे, असे त्याने ठरवले. १९८० साली त्याने आपल्या मित्रांना गोळा केले. ३६ जण सायकली घेऊन निघाले. स्प्रिंगफील्ड शहरापासून समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत ते गेले. त्यांनी १० हजार २०० डॉलर जमवले आणि बोस्टन शहरातील एका कर्करोग संस्थेला दिले. या संस्थेचे नाव आहे डाना-फार्बर कर्करोग संस्था. या सायकलफेरीला 'पॅन-मॅस चॅलेंज' म्हणतात.

३६ जणांची ही फेरी पुढे दरवर्षी निघू लागली. आता तिच्यात ६ हजारांहून अधिक लोक भाग घेतात. २०२४ सालापर्यंत या फेरीने एकूण १ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम संस्थेला मिळवून दिली आहे. परंतु पैशापेक्षाही मोठी गोष्ट वेगळीच आहे. या फेरीत शेकडो सायकलस्वार असे असतात, की ज्यांना स्वतःला कर्करोग झाला होता. काहींवर तर अजून इलाज चालू असतात. त्यांना तेथे 'लिव्हिंग प्रूफ' म्हणतात. याचा अर्थ 'जिवंत पुरावा' असा आहे. 'यातून कोणी वाचले आहे का?' या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधायला नको. ते उत्तर समोरून सायकल चालवत येते!

या फेरीत कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांचीही आठवण ठेवली जाते. सायकलस्वारांचा एक एक गट एकेका बालरुग्णाशी दोस्ती करतो. वाटेत पाणी पिण्यासाठी थांबण्याची एक जागा आहे. तेथे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्या मुलांची छायाचित्रे लावलेली असतात आणि ज्यांना शक्य असते ती मुले आपल्या दोस्तांना भेटायला स्वतः येतात. दमलेला सायकलस्वार ते हसरे चेहरे पाहतो आणि त्याचे पाय पुन्हा जोराने फिरू लागतात. पाहा, धीर दोन्ही बाजूंनी दिला जातो. देणाराही श्रीमंत होतो आणि घेणाराही.

कॅनडा देशातही अशीच एक फेरी निघते. टोरांटो शहरात ती २००८ साली सुरू झाली. दोन दिवसांत दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापायचे असते. हजारो सायकली एकाच वेळी रस्त्यावर उतरतात. त्यांतल्या काही सायकलींवर पिवळे झेंडे फडकत असतात. पिवळा झेंडा म्हणजे 'मला कर्करोग झाला होता आणि मी आज येथे आहे' ही खूण. आपल्याकडे ज्या आजाराचे नाव लोक लपवतात, त्या आजारातून उठलेली माणसे तेथे भर रस्त्यात झेंडा लावून जातात. लाज वाटावी असे त्यांनी काहीच केलेले नाही. मग लपवायचे कशासाठी?

आता तुम्ही विचाराल, सायकलच का? त्याला काही कारणे आहेत. सायकलवर बसले की शरीराचा बराचसा भार बैठकीवर पडतो, त्यामुळे गुडघ्यांना त्रास कमी होतो. हळू जायचे की वेगाने, हे ज्याचे त्याला ठरवता येते. दुसरे कारण अधिक मजेचे आहे. ओळीने सायकली चालल्या म्हणजे पुढचा माणूस वारा कापतो. त्याच्या मागे जवळून येणाऱ्याला वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि कमी जोर लावावा लागतो. पुढचा दमला की मागचा पुढे येतो. अशा रीतीने आळीपाळीने वारा अंगावर घेत सगळे जण लांबचा पल्ला गाठतात. आजाराचा वाराही असाच वाटून घेता येतो.

पूर्वी कर्करोगाच्या रुग्णाला 'फक्त आराम करा' असे सांगत. आता डॉक्टरांचे मत बदलले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे इलाज पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या मदतीने नियमित व्यायाम करायला लावले. बाकीच्यांना आरोग्याची माहिती देणारी पुस्तिका दिली. आठ वर्षांनी पाहिले, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ९० रुग्ण जिवंत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण शेकडा ८३ होते. शंभरांत सात माणसांचा फरक पडला! सात माणसे म्हणजे सात घरे. अर्थात कोणता व्यायाम करावा, किती करावा, हे रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवले पाहिजे.

सायकल आणि कर्करोग म्हटले, की लान्स आर्मस्ट्राँग हे नाव पुढे येते. १९९६ साली या अमेरिकन सायकलपटूला कर्करोग झाला. तो फुप्फुसांत आणि मेंदूतही पसरला होता. इंडियानापोलिस शहरात इलाज होऊन तो बरा झाला. १९९७ साली त्याने रुग्णांसाठी संस्था काढली. पुढे १९९९ ते २००५ या काळात 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत त्याने सलग सात वेळा जिंकली. परंतु त्याने बंदी असलेली औषधे घेतल्याचे सिद्ध झाले आणि २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. २०१३ साली त्याने आपला अपराध कबूल केला. मुलांनो, त्याचा आजार खरा होता आणि त्याचे बरे होणेही खरे होते. खोटे होते ते शर्यतीतले यश. यावरून आपण एक गोष्ट शिकावी. दुसऱ्याला धीर देण्यासाठी शर्यत जिंकावी लागत नाही. सर्वांत शेवटी पोहोचणारा सायकलस्वारही रुग्णाला तेवढाच धीर देतो.

त्याच इंडियानापोलिस शहरात आपला युवराज सिंगही बरा झाला. २०११ च्या विश्वचषकात त्याने ३६२ धावा काढल्या, १५ बळी घेतले आणि तो मालिकेचा मानकरी ठरला. त्या वेळी त्याच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये, कर्करोगाची गाठ वाढत होती. २०१२ साली अमेरिकेत इलाज घेऊन तो मायदेशी परतला आणि ११ सप्टेंबर २०१२ रोजी चेन्नईच्या मैदानावर भारताकडून पुन्हा खेळला. नंतर त्याने कर्करोगाच्या रुग्णांसाठी 'यूवीकॅन' ही संस्था काढली.

बोस्टनची संस्था दूर असली, तरी तिचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ साली रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ मुलांना एक नवे औषध दिले. त्यांपैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. त्याआधी या रोगाला औषध म्हणून नव्हते. ते औषध तयार करण्यामागे येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेला हा माणूस अमेरिकेत राहून काम करत होता. विद्येला देशाची सीमा नसते, ती अशी.

आता आपल्या भागाकडे वळू. भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले, असा अंदाज आहे. आपल्या देशातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आहे आणि त्याचे मोठे कारण तंबाखू हे आहे. गुटखा, खर्रा, मावा, विडी, मिसरी ही सगळी तंबाखूचीच रूपे आहेत. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे हाही गुन्हा आहे. तरीही एखादा मित्र पुडी पुढे करतो आणि म्हणतो, 'एकदा खाऊन तर पाहा!' अशा वेळी 'नको' हा दोन अक्षरांचा शब्द म्हणायला शिका. सायकल चालवायला शिकण्यापेक्षा तो अवघड आहे. पण एकदा जमला की जन्मभर उपयोगी पडतो.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसणे, दोन-तीन आठवडे जखम बरी न होणे, तोंड पूर्ण न उघडणे ही धोक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घाबरू नये आणि लपवूही नये. जिल्हा रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे. पुढील इलाजासाठी छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय तर १९४१ सालापासून रुग्णांची सेवा करत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयांत कर्करोगाचे अनेक इलाज मोफत होतात. इलाजासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या तिकिटातही सवलत मिळते. ही माहिती नसल्यामुळे कितीतरी लोक घरी बसून राहतात.

माहिती घरोघर पोहोचली, तर काय होते? सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. आपल्या मराठवाड्यातील परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात होते. कार्यकर्ते गावोगाव फिरले. त्यांनी लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगितली. त्यामुळे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागले. नुसत्या बोलण्याने, समजावण्याने एवढा फायदा झाला!

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुम्हीही करू शकता. तुमच्याजवळ सायकल आहे. शेजारच्या गल्लीत कोणी आजारी चाचा असतील, कोणी खाला असतील. त्यांच्याकडे जा. त्यांचे औषध आणून द्या. मराठीत लिहिलेला कागद त्यांना वाचता येत नसेल, तर वाचून दाखवा. दवाखान्यातला अर्ज भरून द्या. 'तुम्हांला काय झाले?' असे पुन्हा पुन्हा विचारू नका. 'आज कसे वाटते?' एवढेच विचारा आणि ते बोलतील ते ऐका. तुमच्या ओळखीत कोणी या आजारातून बरे झालेले असेल, तर त्यांना विनंती करा, की त्यांनी नव्या रुग्णाला एकदा भेटावे. त्यांच्या त्या एका भेटीने रुग्णाला पुन्हा जगण्याची उमेद मिळेल.

दूरदेशीचे लोक शेकडो किलोमीटर सायकल चालवून जी विचारपूस करतात, ती तुम्ही एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाऊन करू शकता. तेव्हा कंबर कसा, सायकल बाहेर काढा आणि निघा.

शब्दार्थ

विचारपूस – आजारी माणसाची चौकशी, इयादत
धीर – हिंमत, हौसला
पेशी – शरीराचा अतिशय लहान घटक
बेसुमार – प्रमाणाबाहेर
किरणोपचार – किरणांच्या साहाय्याने केलेला इलाज
त्राण – ताकद
पुरावा – सबूत
पल्ला – अंतर
सवलत – सूट, रिआयत
उमेद – आशा, उत्साह

वाक्प्रचार

पाय अडखळणे – पुढे जायला मन न होणे
हाय खाणे – फार घाबरून जाणे
धीर सुटणे – हिंमत खचणे
कंबर कसणे – निश्चयाने तयार होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'विचारपूस करणे' याला आपण घरी काय म्हणतो?
(आ) पॅन-मॅस चॅलेंज ही फेरी कोणत्या साली सुरू झाली?
(इ) कॅनडातील फेरीत पिवळा झेंडा कोणत्या सायकलींवर असतो?
(ई) ग्रामीण भागातली देशातील पहिली कर्करोग नोंदणी कोठे सुरू झाली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कर्करोगाच्या रुग्णाजवळ जायला लोक का घाबरतात? त्यांची भीती बरोबर आहे का?
(आ) 'जिवंत पुरावा' असे कोणाला म्हणतात? का?
(इ) ओळीने सायकल चालवण्याचा काय फायदा होतो?
(ई) लान्स आर्मस्ट्राँगच्या उदाहरणावरून लेखकाने कोणती गोष्ट शिकायला सांगितली आहे?

३. रिकाम्या जागा भरा.
(अ) कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला ............ नाही.
(आ) टाटा स्मारक रुग्णालय ............ सालापासून रुग्णांची सेवा करत आहे.
(इ) येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म ............ येथे झाला.

४. पुढील वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.
पाय अडखळणे, हाय खाणे, धीर सुटणे, कंबर कसणे

५. भाषाभ्यास
(अ) उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत : तो रोग (पुल्लिंग), ती सायकल (स्त्रीलिंग), ते चाक (नपुंसकलिंग). पुढील शब्दांपूर्वी 'तो', 'ती' किंवा 'ते' लिहा.
झेंडा, गाठ, औषध, फेरी, रुग्णालय, वारा
(आ) इलाज, हिंमत, मदत, फायदा हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

६. उपक्रम
४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन आहे. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूसही फेब्रुवारी महिन्यात भरतो. तंबाखूचे दुष्परिणाम आणि मोफत इलाजाची माहिती मराठीत व उर्दूत लिहून फलक तयार करा. शिक्षकांच्या मदतीने तो लोकांना दिसेल अशा ठिकाणी लावा.